टेबल टेनिसचा चेंडू, कॅसेटची फीत आणि रेवदंड्याचा वारा

माझ्या होडीवरचं सगळ्यात महाग वारामापक बाराशे रुपयांचं आहे आणि सगळ्यात कमी वापरात तेच आहे. ज्या वस्तूंच्या भरवशावर मी शीड उभारते किंवा आखडते त्या अशा: जुन्या कॅसेटची फीत, सायकलच्या चाकाचे दोन स्पोक, एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा, टेबल टेनिसचा चेंडू आणि भाच्याच्या कंपासपेटीतून पळवलेला कोनमापक. सगळं मिळून शंभर रुपयेसुद्धा झाले नाहीत.

मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये बत्तीस वर्षं सहायक होते. निवृत्त झाल्यावर दादाने आणि मी मुंबईहून एक जुनी पंधरा फुटी फायबरची होडी आणली. एक डोलकाठी, दोन शिडं, इंजिन नाही. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी ती उभी असते. डोलकाठीच्या टोकाला बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वारामापकाची चौकशी केली होती. आकडा ऐकून दादा म्हणाला, ‘‘एवढ्यात दोन शिडं नवी येतील.’’ शिडं आली. वारामापक लॅबच्या सवयीने घरीच जमवलं. ते कसं, हे पुढे सांगते. सगळं करायची गरज नाही. फीत आणि चेंडू एवढं केलंत तरी पुष्कळ.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा. वारा कशासाठी मोजायचा? लहान होडीवर उत्तर एकच असतं: आज पूर्ण शीड की अर्धं, की घरी जाऊन चहा. म्हणून उपकरण बिनचूक असण्यापेक्षा रोज एकसारखं असणं महत्त्वाचं. तुमचा चेंडू खऱ्या चौदाला तेरा दाखवत असला तर दाखवू द्या, पण दर वेळी तेराच दाखवला पाहिजे. मग त्या तेराला तुमची होडी काय करते हे तुम्ही वहीत लिहून ठेवता, आणि महिन्याभरात तुमच्यापुरता आकडा सापडतो. माझ्या होडीचा आकडा चौदा नॉट आहे. चौदाला मी शीड आखडते, वाद नाही.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. मीटर-सेकंदात साधारण अर्धा. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दहाचा चौदा झाला की शिडावरचा दाब जवळपास दुप्पट. लोक म्हणतात, ‘चारच तर नॉट वाढले’. असा न मोजलेला फरक एकदा आम्हाला महागात पडला होता, ते पुढे येईलच.

फीत

दिशेसाठी कॅसेटच्या फितीसारखी वस्तू नाही. घरात कुणाच्या तरी माळ्यावर जुन्या कॅसेट असतातच. वीतभर लांबीचे तुकडे कापा आणि डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारांवर, बसल्यावर डोळ्यांच्या थोडं वर येतील असे बांधा. फार खाली बांधलेत तर माणसांच्या अंगावरून वळलेला वारा दाखवतात. नेहमी वाऱ्याच्या बाजूची फीत बघायची, शिडाआडची नाही. अगदी झुळूक असली तरी ही फीत हलते. दोष एकच, उन्हाने एका मोसमात कडकडीत होऊन तुटते. तुटली की दुसरी.

पुढच्या लहान शिडावर मात्र मी लोकरीचा धागा लावते. शिडाची जी कड वाऱ्याला आधी भेटते तिच्यापासून वीतभर मागे, सुईने आरपार ओवून, दोन्ही बाजूंना वीत-वीत मोकळा सोडायचा आणि आत-बाहेर गाठ मारायची. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर बसलं. आपल्या बाजूचा, म्हणजे वाऱ्याच्या बाजूचा धागा वर उडायला लागला तर होडी वाऱ्याच्या फार तोंडावर गेली आहे. थोडी बाजूला काढा किंवा दोर ओढा. पलीकडचा धागा मलूल होऊन लोंबला तर शीड गरजेपेक्षा आवळलं आहे. दोर सोडा किंवा होडी वाऱ्याकडे वळवा. शीड पांढरं असेल तर पलीकडच्या धाग्याची सावली आरपार दिसते. म्हणून गडद लाल लोकर घ्या. आईच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची लोकर माझ्या शिडावर आहे. लोकर भिजली की चिकटून बसते. त्या दिवशी कॅसेटच कामाची.

स्पोकचा वातकुक्कुट

फितीला वजन नसल्याने ती फडफडते, आणि सरळ वाऱ्यापाठी जाताना नेमका कोन कळत नाही. वारा मागून एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेला आणि आपल्या लक्षात आलं नाही, तर बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, झपकन फिरून डोकं फोडते. त्यासाठी फिरता बाण हवा.

सायकलचा एक स्पोक आडवा. त्याच्या एका टोकाला एक्स-रे फिल्मचा, साधारण सहा बाय आठ सेंटिमीटरचा तुकडा. दुसऱ्या टोकाला जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी. मध्ये, तोल साधतो तिथे, संपलेल्या जाड धातूच्या रिफिलचा चार सेंटिमीटरचा तुकडा काटकोनात एम-सीलने बसवा. आतली शाई आधी स्पिरिटने धुवा. हा तुकडा दुसऱ्या, उभ्या स्पोकवर सरकवायचा. खाली एक प्लॅस्टिकचा मणी, वर एक मणी, आणि त्यावर स्पोकचंच निपल फिरवून लावायचं, म्हणजे लाटेवर आदळलं तरी बाण उडून जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि लोक हेच सोडतात. उभा स्पोक हातात धरून तीस अंश तिरका करा. बाण जिथे सोडाल तिथेच राहिला पाहिजे. फिल्मचं टोक खाली घसरलं तर गोळी जड हवी. गोळी खाली गेली तर किसून हलकी करा. होडी कललेली असताना तोल नसलेला बाण वारा दाखवत नाही, उतार दाखवतो. माझा पहिला बाण महिनाभर असाच थापा मारत होता.

डोलकाठीच्या टोकावर लावायचा मोह टाळा. तिथला वारा स्वच्छ असतो, कबूल, पण लहान होडीत सारखं वर बघितलं की मान दुखते आणि पुढची जाळ्याची बोयरी, म्हणजे तरंगती खूण, दिसत नाही. मी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, फूटभर काठी बांधून तिच्यावर लावला आहे. नजर समोर आणि बाणही समोर.

पाणी आणि किनारा

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफोर्टने १८०५ मध्ये वाऱ्याची जी मापनश्रेणी केली, तिच्यात उपकरण नव्हतंच. वाऱ्याचा जोर त्याने जहाजाला किती शीड झेपतं यावरून सांगितला होता. समुद्राच्या रूपावरची वर्णनं नंतर जोडली गेली. शून्य ते बारा अशा पायऱ्या आहेत, पण आपल्या होडीचा जीव दोन ते पाच एवढाच. चार ते सहा नॉटला लहान लहरी उठतात, त्यांचे माथे काचेसारखे, फुटत नाहीत. सात ते दहाला माथे फुटायला लागतात, कुठे कुठे पांढरा फेस. अकरा ते सोळाला फेस सगळीकडे. सतरा ते एकवीसला लाटा लांबतात, तुषार अंगावर येतात. तेव्हा आम्ही खाडीत नसतो.

ही वर्णनं खुल्या समुद्राची आहेत. खाडीच्या मुखाशी ती जशीच्या तशी लावली तर फसाल. ओहोटीचं पाणी बाहेर चाललंय आणि दुपारचा वायव्येचा खारा वारा समोरून आत येतोय, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. उधाणाच्या दिवसांत मला आठ-नऊ नॉटलाच सगळीकडे पांढरं दिसतं. उलट भरती आणि वारा एका दिशेने असले की पाणी गुळगुळीत वाटतं, बाराला सुद्धा. म्हणजे फेस बघून आकडा बांधायचा तर आधी घड्याळात भरती-ओहोटी बघा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक लहान असतो तेव्हा, हा घोळ कमी.

किनाऱ्यावर रेवदंड्याची सुरूची झाडं आहेत. त्यांचा आवाज बदलला की मी कान टवकारते. मासेमारीच्या बोटींवरचे झेंडे तर फुकटचं उपकरण, शिवाय बोटी एका ओळीत नांगरलेल्या असतात. मुखाकडच्या बोटींचे झेंडे ताठ आणि आतल्यांचे लोंबलेले, म्हणजे वारा येतोय, अजून पोचला नाही.

चेंडू

हे माझं लाडकं उपकरण. तत्त्व बारावीचं आहे. दोऱ्याला टांगलेल्या चेंडूला वारा ढकलतो, वजन खाली ओढतं. दोघांच्या भांडणात दोरा जेवढा तिरका होतो त्यावरून वेग कळतो.

टेबल टेनिसचा अधिकृत चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २.७ ग्रॅमचा असतो. जगभर हीच मापं, म्हणून आकडे कुठेही चालतात. पण खेळण्यांच्या दुकानातला स्वस्त चेंडू हलका असू शकतो. सोनाराकडे जाऊन काट्यावर ठेवा. मी ठेवला, सोनाराने माझ्याकडे बघितलं, पण वजन सांगितलं. तुमचा चेंडू २.२ ग्रॅमचा भरला तर तो लवकर उडणार, म्हणून खालच्या सगळ्या आकड्यांतून दहावा हिस्सा वजा करा.

गरम सुईने चेंडूला भोक पाडा, सगळ्यात बारीक तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, आत घालून बाहेर गाठ मारा आणि फेव्हिक्विकच्या एका थेंबाने भोक बंद करा, नाहीतर आत पाणी शिरून वजन बदलतं. तंगूस तीस सेंटिमीटर ठेवा. लांबीने कोन बदलत नाही, पण फार लांब ठेवली तर तंगूसवरच वारा लागतो आणि फार आखूड ठेवली तर वाचता येत नाही. प्लायच्या फळीवर कोनमापक उलटा चिकटवा आणि त्याच्या मध्यबिंदूत खिळा मारून तिथे तंगूस बांधा. फळीला मूठ हवी; मी जुन्या लाटण्याचा तुकडा ठोकला आहे.

वर्गात एवढं पुरलं असतं. होडीत फळी कधीच सरळ नसते. म्हणून त्याच खिळ्यावर, फळीच्या मागच्या बाजूने, तेवढ्याच लांबीच्या तंगूसला तीसेक ग्रॅमची शिशाची गोळी टांगा आणि मागेही दुसरा कोनमापक लावा. वीस नॉटच्या वाऱ्यात चेंडू पन्नास अंशांच्या पुढे जातो, त्याच वाऱ्यात शिसं जेमतेम एक अंश हलतं. म्हणजे शिसं खरी उभी रेष दाखवतं. दोघांच्या कोनांतला फरक हे आपलं वाचन. लांबी सारखी ठेवण्याचं कारण असं, की लाटेने होडी हलली की दोन्ही लंबक जवळपास एका तालात झुलतात आणि फरक फारसा बिघडत नाही. हे सुचायला मला एक पूर्ण मोसम लागला, बत्तीस वर्षं मुलांच्या हातात लंबक देऊनसुद्धा.

आता आकडे. फळीच्या पाठीवर परमनंट मार्करने लिहून ठेवा. उभ्या रेषेपासून दहा अंश म्हणजे सात नॉट. वीस अंश, साडेदहा. तीस अंश, तेरा. चाळीस, सोळा. पंचेचाळीस, सव्वासतरा. पन्नास, एकोणीस. साठ, तेवीस. स्वतः काढायचं असेल तर कोनाच्या स्पर्शिकेचं, म्हणजे टॅनचं, वर्गमूळ घ्या आणि १७.४ ने गुणा. आकडे आपल्याकडच्या उबदार हवेसाठी आहेत. पाच नॉटच्या खाली कोन इतका लहान असतो की वाचण्यात अर्थ नाही, आणि तेवीसच्या पुढे चेंडू आडवाच होतो, तिथे दोन-चार अंशांत आकडा कुठल्या कुठे जातो. पण आपल्याला हवा तो सात ते वीसचा पट्टा नेमका मधे येतो.

वाचन घेताना वाऱ्याच्या बाजूला बसा, हात लांब करा, फळीची कड वाऱ्याच्या रेषेत धरा. फळी आडवी धरली तर चेंडू तिच्यावरच आपटत राहतो. चेंडू डुलणारच. दहा श्वास बघत राहा आणि दोन टोकांच्या मधला आकडा घ्या. शिवाय सगळ्यात मोठा झोक कुठवर गेला तेही लिहा, कारण होडी उलटते ती सरासरीने नाही, झोताने. माझ्याकडे तीस अंश सरासरी आणि मधूनच चाळीस असं दिसलं की मी सोळाचा वारा धरून शीड ठरवते.

होडी चालताना मोजलेला वारा खोटा असतो

एका एप्रिलच्या दुपारची गोष्ट. कोर्लईच्या बाजूने आम्ही खाडीत आत निघालो, वारा पाठीवर. मस्त झुळूक, पाणी शांत, दादा म्हणतोय की शीड अजून मोठं असतं तर बरं. साळावचा पूल जवळ दिसायला लागला तसं वळलो. वळलो तेव्हा कुणीतरी दार उघडल्यासारखं झालं. होडी अशी कलली की कडेवरून पाणी आत आलं, माझा चष्मा गेला, आणि पुढची वीस मिनिटं दादा रंगाच्या डब्याने पाणी उपसत होता. वारा वाढला होता का? नाही. बोटींवरचे झेंडे जसेच्या तसे होते.

हिशेब घरी येऊन केला. खरा वारा बारा नॉट धरा, होडीचा वेग चार. पाठीवर घेऊन जाताना आपण वाऱ्यापासून पळत असतो, अंगाला लागतो आठ. वळून पंचेचाळीस अंशांवर वाऱ्याच्या तोंडाकडे निघालो की तोच वारा पंधरा लागतो. आठ आणि पंधरा. दाबात साडेतीन पट फरक. म्हणून वळायच्या आधी मोजायचं आणि दुरुस्ती करायची.

माझी दुरुस्ती अशी. वारा पाठीवर असेल तर चेंडूच्या आकड्यात होडीचा वेग पूर्ण मिळवा. वारा बरोबर बाजूने असेल तर आकडा तसाच ठेवा, फरक नगण्य असतो. वाऱ्याच्या तोंडाकडे चालला असाल तर होडीच्या वेगाचा पाऊण हिस्सा वजा करा. एवढ्याने खऱ्या वाऱ्याच्या एक नॉट आत-बाहेर पोचता. पुढे परतीच्या वाटेवर किती लागेल ते हवं असेल तर खऱ्या वाऱ्यात होडीचा पाऊण वेग मिळवा. त्या दुपारी चेंडू हातात असता तर आठ वाचला असता. आठ अधिक चार बारा, बारा अधिक तीन पंधरा. चौदाच्या वर. शीड पुलाच्या अलीकडेच आखडलं असतं.

होडीचा वेग कसा काढायचा? फोनमधलं जीपीएस आहेच, पण ते जमिनीच्या हिशेबाने वेग देतं आणि खाडीतलं वाहतं पाणी त्यात मिसळतं. मला पाण्याच्या हिशेबाने हवा असतो. नारळाच्या सोडणाचा तुकडा नाळेपाशी पाण्यात टाकायचा आणि मागच्या टोकाशी यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पंधरा फुटी होडीला नऊला सेकंदांनी भागलं की नॉट मिळतात. तीन सेकंद लागले तर तीन नॉट, सव्वादोन लागले तर चार. होडीची लांबी वेगळी असेल तर मीटरमधल्या लांबीची दुप्पट करा आणि सेकंदांनी भागा, पुरेसं जवळ येतं.

वाट्यांचं चक्र, हौस असेल तर

आयर्लंडच्या टॉमस रॉम्नी रॉबिन्सनने १८४६ मध्ये चार अर्धगोल वाट्यांचं वारामापक बनवलं. वाट्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात, मग वाटी केवढीही असो, असं त्याचं म्हणणं होतं. ते पुढे चुकीचं ठरलं. वाटीच्या आणि दांडीच्या मापाप्रमाणे तो हिस्सा बदलतो. तरी सुरुवातीला तीन धरून चाला, नंतर रस्त्यावर दुरुस्त करू.

टेबल टेनिसचे दोन चेंडू अर्धे कापा, तीन वाट्या घ्या, चौथी मोडेल तेव्हा. स्पोकचे तीन तुकडे, एकशेवीस अंशांवर, मध्यापासून वाटीच्या मध्यापर्यंत आठ सेंटिमीटर. मध्ये भाच्याने टाकून दिलेल्या फिरकीचं, म्हणजे फिजेट स्पिनरचं, बेअरिंग. आतलं ग्रीस रॉकेलने धुऊन शिवणयंत्राचं तेल घाला, नाहीतर मंद वाऱ्यात फिरतच नाही. आता सायकलच्या वेगमापकाचं लोहचुंबक एका दांडीला आणि त्याचा सेन्सर खालच्या पट्टीला लावा. चुंबकाच्या समोरच्या बाजूला तेवढंच वजन द्या, नाहीतर सगळं थरथरतं.

वेगमापक चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये विचारतो. आठ सेंटिमीटरच्या दांडीचा फेरा ५०२.७ मिलिमीटरचा. गुणिले तीन, १५०८. हा आकडा भरला तर वारा ताशी किलोमीटरमध्ये दिसेल. मला नॉट हवे होते, म्हणून १.८५२ ने भागून ८१४ भरला; पडद्यावर किलोमीटर लिहिलेलं असतं, वाचायचं नॉट. इतका लहान परीघ काही मॉडेल घेत नाहीत, तर घेण्याआधी दुकानात विचारा.

मग दादाची स्कूटर. तो चालवतो, मी मागे बसून चक्र त्याच्या डोक्याच्या वर आणि पुढे काठीवर धरते, हेल्मेट दोघांनाही. रिकामा, सरळ रस्ता आणि सकाळची वेळ घ्या. आपल्याकडे पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, म्हणून एकाच दिशेने जाऊन चालत नाही. स्कूटरचा काटा नको, फोनचं जीपीएस घ्या. ताशी ३७ किलोमीटर म्हणजे वीस नॉट. जाताना चक्राने चोवीस दाखवले, येताना वीस. सरासरी बावीस, म्हणजे चक्र दहा टक्के जास्त बोलतंय. ८१४ गुणिले २० भागिले २२, ७४०. तो आकडा भरला आणि पुन्हा दोन्ही दिशांनी गेलो. चौल रस्त्यावर दूधवाला थांबून बघत होता. दादाने मान खाली घातली.

चेंडूसुद्धा असाच तपासता येतो, पण फळी धरायला हात दुखतो.

बाराशे रुपयांचं आणि फुकटचं

दुकानातलं पंख्याचं वारामापक वाईट नाही. ते वाऱ्याच्या अगदी समोर धरावं लागतं, तिरकं धरलं तर कमी दाखवतं. खाऱ्या पाण्याने त्याचं बेअरिंग धरतं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यात बुचकळा, पण बॅटरी काढून. आणि एकक बघा! दादाने एकदा ‘सहा’ वाचला आणि आम्ही निवांत होतो. उपकरण मीटर-सेकंदावर होतं, वारा बारा नॉटच्या जवळ होता. मी ते घरी चेंडू तपासायला वापरते.

अंदाज भारतीय हवामान विभागाचा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा, बघते. त्यातला वारा दहा मीटर उंचीवरचा असतो आणि सरासरी असतो. होडीत हात वर केला तरी दोन मीटरच्या आसपास. तिथे पाण्यावर त्याचा ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के मिळतो. अंदाज चौदा आणि चेंडू बारा, तर कुणीच खोटं बोलत नाही. मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, असं आलं तर ते चोवीस ते तीस नॉट आणि झोत पस्तीस. त्या दिवशी मोजायचं काही नसतं.

वहीचं एवढं सांगते. माझ्या पानावर रकाने आहेत: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, बाणाची दिशा, चेंडूचा कोन, मोठा झोक, होडीचा वेग, खरा वारा, शीड किती. शेवटचा रकाना शेजारच्या तांडेलकाकांचा. ते आकडा सांगत नाहीत. धक्क्यावर जाळं शिवता शिवता एकदा मुखाकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘आज अर्धं.’’ किंवा ‘‘जा, पूर्ण.’’ कधी कधी हसून विचारतात, ‘‘बाय, तुजा चेंडू काय बोलतं?’’ ते म्हणतील तसंच मी लिहिते, मोजायच्या आधी, म्हणजे चेंडूचा आकडा बघून माझं मन वळायला नको. गेल्या मोसमाच्या एक्केचाळीस नोंदींत पाच वेळा त्यांचं आणि चेंडूचं जमलं नाही. त्यातल्या चार वेळा मी निघाले तेव्हा चेंडू बरोबर होता, आणि तासाभराने काका.

पेनने लिहू नका, पहिल्याच तुषाराला शाई पसरते. शिसपेन्सिल, आणि ती दोरीने वहीला बांधलेली.